दीड मिनिटाचे उत्तर

मी एक जुना लॅपटॉप आहे. माझी एक बिजागरी तुटलेली आहे, त्यामुळे पडदा भिंतीला टेकवून ठेवावा लागतो, आणि चार्जर काढला की मी लगेच बंद पडतो. मित्रांनो, लंडनच्या हाउन्सलो भागातल्या एका घरात, जिन्याखालच्या कपाटात, सध्या माझा मुक्काम आहे.

माझा जन्म कोणत्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. मी पहिली चार वर्षे रेडिंगच्या एका विमा कंपनीत काढली. मग त्यांनी नवे लॅपटॉप घेतले. माझ्या पोटातले सारे काढून, मला पुसून, हाउन्सलोच्या बाजारपेठेतल्या एका दुकानात मांडले गेले. तिथून पुरुषोत्तम यांनी मला घरी आणले. ते मूळचे साताऱ्याचे, विमानतळाजवळ एका कार्गो कंपनीत कामाला. त्यांची एकुलती एक मुलगी कस्तुरी कायदा शिकायला साउथहॅम्प्टनला निघाली होती.

"जुना आहे, पण इमानी दिसतोय," ते तिला म्हणाले. एवढे कौतुक माझे पुन्हा कोणी केले नाही.

पहिले वर्ष मजेत गेले. दुसऱ्या वर्षी अर्ज सुरू झाले. कस्तुरीला लंडनमधल्या मोठ्या लॉ फर्ममध्ये वकील व्हायचे होते. त्यासाठी आधी 'व्हेकेशन स्कीम' मिळवायची, म्हणजे सुट्टीत दोन आठवडे फर्ममध्ये काम करून दाखवायचे. ते पसंत पडले तर शेवटी मुलाखत, आणि मग 'ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्ट', म्हणजे दोन वर्षांची उमेदवारी. एकेका जागेसाठी शेकडो मुले अर्ज करत.

'आमचीच फर्म का?' या प्रश्नाला प्रत्येक ठिकाणी अडीचशे शब्द लिहायचे होते. कस्तुरी ते मनापासून लिही. एकदा मात्र दमून तिने एका फर्मच्या अर्जात दुसऱ्याच फर्मचे नाव तसेच ठेवले. ती चूक माझ्या पडद्यावर ढळढळीत दिसत होती, पण मला बोलता येत नाही. तिने बटण दाबले. वर्षभरात सव्वीस नकार आले. प्रत्येक पत्राची सुरुवात आभाराने होई.

तिसऱ्या वर्षाच्या नोव्हेंबरात पुरुषोत्तम कामावरच कोसळले. पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, बोलणे तुटक झाले. त्यांना जिना चढवेना, म्हणून त्यांचा पलंग खाली बैठकीच्या खोलीत आणला. आई, म्हणजे अर्चना, विमानतळावरच्या एका दुकानात पाळीने काम करत असे. कस्तुरी दर शुक्रवारी घरी येऊ लागली. वडिलांना भरवून झाले की त्याच टेबलावर ती मला उघडी.

एका रविवारी तिची मैत्रीण तनिषा माझ्या पडद्यावर होती. तिला आदल्या उन्हाळ्यात स्कीम मिळाली होती.

"ते विचारतातच, मोठी अडचण कशी हँडल केलीस म्हणून," तनिषा म्हणाली. "तुझ्याकडे खरी स्टोरी आहे. वापर ती."

"स्टोरी नाहीये ती. बाबा आहेत."

"आय नो. पण बाकीचे सगळे वापरतात, कस्तुरी."

कस्तुरीने दोन दिवस विचार केला आणि ते लिहिले. त्या अर्जाला नकार आला नाही. पुढची फेरी व्हिडिओची होती. समोर माणूस नसतो. प्रश्न पडद्यावर येतो, विचाराला अर्धे मिनिट, उत्तराला दीड मिनिट, आणि मुलांनी माझ्यासारख्याच्या डोळ्यात बघून बोलायचे.

तिने बैठकीतच सराव केला, कारण वायफाय तिथेच नीट चाले. "माझ्या वडिलांना स्ट्रोक आला, त्यातून मी वेळेचे नियोजन शिकले," असे ती इंग्रजीत म्हणे आणि हसे. पहिल्या दोन वेळा तिचा आवाज फाटला. सातव्या वेळी वाक्य गुळगुळीत झाले होते. पुरुषोत्तम जागे आहेत हे तिच्या लक्षात आले नव्हते.

"तिथं... हसू नकोस," ते म्हणाले.

कस्तुरी गारठली. "बाबा, सॉरी. माझी चूक झाली. तुम्हाला वाईट वाटलं?"

त्यांनी बराच वेळ शब्द जुळवले. "चांगलं... बोलतेस. पण तिथं हसू नकोस. परत... म्हण."

तिने परत म्हटले. ते डोळे मिटून ऐकत राहिले. तिची निवड झाली.

जूनमध्ये कस्तुरी रोज सकाळी पिकॅडिली लाइनची भुयारी रेल्वे पकडून फर्ममध्ये जाऊ लागली. फर्मने तिला त्यांचा लॅपटॉप दिला होता, म्हणून मी पलंगाशेजारच्या टेबलावर पडून असे. दुसऱ्या आठवड्यातल्या मंगळवारी, दुपारी बाराच्या सुमारास, पुरुषोत्तम यांना पुन्हा झटका आला. ॲम्ब्युलन्स आली. शेजारच्या मधुमतीताई धावत आल्या.

"अर्चना, पोरीला फोन लाव आधी."

अर्चनाच्या हातात फोन होता. "तीन वाजता तिचं प्रेझेंटेशन आहे. दोन वर्षं झिजलीय ती, ताई. मागेही सावरले होतेच की हे. पाचला सांगते तिला."

"आणि काही झालं तर?"

"नाही व्हायचं काही," असे म्हणून तिने फोन पर्समध्ये टाकला आणि ती ॲम्ब्युलन्समागे धावली.

पुरुषोत्तम चार वाजता गेले. कस्तुरीला साडेपाचला कळले. तिचे प्रेझेंटेशन सर्वांना आवडले होते.

शेवटची मुलाखत पुढे ढकलावी म्हणून तिने माझ्यावर पत्र लिहिले. 'वडील वारले' असे लिहून तिने ते खोडले आणि 'कौटुंबिक कारण' एवढेच ठेवले. फर्मने आढेवेढे न घेता तीन आठवडे दिले. मुलाखत घरूनच झाली. पलंग तेव्हा उचलून नेलेला होता.

पडद्यावरच्या बाई मवाळ होत्या. त्यांनी आपुलकीने विचारले, "तुम्ही वडिलांच्या आजाराबद्दल लिहिलं होतं. आता कसे आहेत ते?"

"ते गेले," कस्तुरी म्हणाली.

बाईंनी दुःख व्यक्त केले. थांबायचे का, असेही विचारले. कस्तुरी नको म्हणाली. मग काही वेळाने त्यांच्यासोबतच्या गृहस्थांनी, बहुधा तो त्यांच्या यादीतलाच प्रश्न असावा, विचारले की या सगळ्या काळातून तुम्ही काय शिकलात.

तिला उत्तर पाठ होते. तिच्या ओठांवर ते आलेले मला दिसले.

"काही नाही," ती म्हणाली. "मी काहीही शिकले नाही."

आठवड्याने फोन आला. जागा मिळाली नव्हती.

आता कस्तुरी हाउन्सलोतच एका छोट्या वकिलाकडे काम करते आणि भाडेकरूंचे अर्ज भरून देते. मला कपाटात ठेवण्याच्या आदल्या संध्याकाळी मायलेकी जेवत होत्या. अर्चनाने ताटातून मान वर न करता विचारले, "मी तुला बारालाच सांगायला हवं होतं का गं?"

"हो, आई."

अर्चनाने मान हलवली. जेवून झाल्यावर कस्तुरीने आईचेही ताट उचलले.

मित्रांनो, मला जपा असे मी म्हणणार नाही. माझे दिवस भरले आहेत. पण घरात कोणी आजारी पडले, तर ज्याला कळवायला हवे त्याला त्याच क्षणी कळवा. त्याचे भले तुम्ही परस्पर ठरवू नका. अर्ज दर सप्टेंबरला पुन्हा निघतात.