पंपाचा आवाज

शकील मिस्त्रीला दगूबाईंचा फोन आला तेव्हा त्यातलं निम्मं त्याला कळलंच नाही. रूपचंद पाटलांच्या घरून आहे, डोझरचं काहीतरी आहे आणि बोलावतायत, एवढं समजलं. बाकीचं तिथे गेल्यावर कळेल म्हणून तो 'हां, हां' करत राहिला. हल्ली तो सगळ्यांनाच 'हां, हां' करायचा. दोन वर्षांपासून त्याचे कान उतरत चालले होते आणि ही गोष्ट त्याने कुणालाही सांगितली नव्हती. सांगायला घरात होतं तरी कोण? बायको हलीमा जाऊन पाच वर्षं झाली होती. मुलगी इरम सुरतेला दिलेली. शहाद्यातल्या त्याच्या गॅरेजात पूर्वी माणसं चहाला टेकायची. कुणी काही विचारलं की आता शकील भलतंच उत्तर द्यायचा, नाहीतर गप्प बसायचा. मिस्त्रीला गर्व झालाय, असं लोक म्हणू लागले आणि यायचे बंद झाले. त्यालाही ते सोपंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो एसटीने लोणखेड्यापुढच्या पाटलांच्या गावात उतरला. पपईच्या बागेला लागून पाटलांचं घर, आणि अंगणाच्या कडेला डोझर. चैनवर चालणारा, चाळीस वर्षांचा जुना. तापीकाठची कितीतरी उंचसखल रानं दगूबाईंच्या नवऱ्याने, रूपचंदने, त्याच्यावर बसून सपाट केली होती. त्याचं इंजिन दोनदा शकीलनेच उघडून बांधलं होतं. रूपचंद दोन वर्षांपूर्वी छातीत कळ येऊन गेला आणि तेव्हापासून डोझर उभाच होता.

मुलगा भूपेश नाशिकला नोकरीला. त्याचं म्हणणं, भंगारात देऊन टाक. पण अक्कलकुव्याकडचा रूपसिंग नावाचा एक माणूस डोंगरातली शेतं नीट करायला तो न्यायला तयार होता. त्याची अट एकच: तासभर माती ओढून दाखवा, मग नेतो. घोडं तिथेच अडलं होतं. थंड असताना पुढचं पातं झकास उचललं जायचं. वीसेक मिनिटं चाललं, हायड्रोलिकचं ऑइल तापलं, की पातं अर्ध्यावर येऊन थांबायचं. आधी आलेल्या एका मिस्त्रीने पंप गेला म्हणून हात झटकले होते. इतक्या जुन्या डोझरचा पंप आता कुठे मिळत नव्हता.

दगूबाई हे सगळं समोर बसून, सावकाश सांगत होत्या, म्हणून शकीलला ओठांवरून बरंचसं कळलं.

"तो चालत जावाले जोयजे, भाऊ," शेवटी त्या म्हणाल्या. "आठे आंगनमा कापतीन, ते माले दखवाव नही." भंगारवाल्यांनी डोळ्यांदेखत तो कापलेला त्यांना बघवणार नव्हता.

शकील कामाला लागला. कामात त्याला कुणाशी बोलावं लागत नव्हतं, ते बरं होतं. पातं वर उचलून त्याने इंजिन बंद केलं आणि सिलिंडरच्या चकचकीत दांड्यावर खडूने रेघ मारली. तासाभराने बघितलं तर पातं रेघेवरून केसभरही खाली आलं नव्हतं. म्हणजे सिलिंडरचं पॅकिंग धड होतं. टाकीतलं ऑइल काढून काचेच्या बाटलीत धरलं. फेस नव्हता, म्हणजे बाहेरून हवा शिरत नव्हती. फिल्टर धुतला, जादा दाब सोडणारा रिलीफ वॉल्व्ह उघडून स्प्रिंग पाहिली, साफ करून परत बसवली. इंजिन चालू करून वीस मिनिटं वाट पाहिली. पातं पुन्हा अर्ध्यावर अडकलं.

आता दोनच गोष्टी उरल्या होत्या. एकतर पंप आतून झिजला होता, नाहीतर त्याला ऑइलच पुरत नव्हतं. हे ओळखायची शकीलची जुनी रीत होती. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक पंपावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची. झिजलेला पंप बारीक घुमतो, उपाशी पंप कडकडतो. या एका कसबावर त्याने धुळ्यापर्यंत नाव कमावलं होतं. आत्ताही त्याने मूठ कानाला लावली. कानाच्या हाडाला नुसती थरथर लागली. दुसरा कान लावून बघितला. दाताने मूठ धरून बघितली. सगळीकडे इंजिनाचीच थरथर. तो तसाच कितीतरी वेळ वाकून उभा राहिला, काहीतरी ऐकतोय असं दाखवत.

तेवढ्यात खिशात फोन थरथरला. इंजिन बंद करून त्याने फोन घेतला. इरमचा होता. तो नेहमीप्रमाणे म्हणाला, "हां बेटा, खाना हो गया. तबियत अच्छी है." मग आणखी दोनदा 'हां' म्हणून फोन ठेवला.

दगूबाई पाण्याचा तांब्या घेऊन जवळच उभ्या होत्या. इरमचा आवाज फोनमधून बाहेरपर्यंत येत होता. त्यांनी तांब्या खाली ठेवला, शकीलच्या समोर आल्या.

"शकीलभाऊ, पोर ते येगळच इचारी ऱ्हायनी व्हती. ती रडी ऱ्हायनी व्हती. तुम्हीन मन्हासंगे बोलतस का नही, आसं म्हने."

शकीलने हातातला पाना उगाच फडक्याने पुसला.

"माले आयकू येत नही, वहिनी. दोन साल व्हयनात."

त्यांनी ना अरेरे केलं, ना उपचार विचारले. डोझरकडे पाहिलं आणि विचारलं, मग आता पंपाचं कसं कळणार? शकीलने खांदे उडवले.

"मंग मी आयकस," त्या म्हणाल्या. "काय आयकानं ते सांगा."

त्याने सांगितलं. इंजिन चालू केलं. दगूबाईंनी पदर डोक्यावरून मागे सारला, स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाला लावली आणि डोळे मिटून घेतले. रूपचंद परतताना बांधाच्या वळणावर हा आवाज आला की आपण तवा चुलीवर ठेवायचो, तीस वर्षं ठेवत आलो, असं त्या मघाशी बोलता बोलता म्हणाल्या होत्या. शकील त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होता. पहिली दहा मिनिटं तो चेहरा नुसता निवांत होता, घरातलं माणूस बोलत असावं आणि आपण ऐकत बसावं तसा. मग कपाळावर आठी आली. त्यांनी हाताने खूण केली. शकीलने रेस वाढवली तशी त्यांनी मान जोरात हलवली आणि त्याच्याकडे तोंड करून म्हणाल्या,

"डब्बामा खडा टाकीसन हालावतस, तसा आवाज यी ऱ्हायना."

पंप उपाशी होता. झिजलेला नव्हता.

टाकीतून पंपाकडे जाणारा जाड रबरी पाइप वरून अगदी धडधाकट दिसत होता. शकीलने तो खोलून काढला, अंगणात आडवा ठेवला आणि चाकूने लांब चिरला. आतला रबराचा थर सुटून सालीसारखा लोंबत होता. ऑइल थंड असेपर्यंत तो चिकटून राहायचा. तापला की मऊ पडून ओढला जायचा आणि पाइपचा गळाच बंद करायचा. दगूबाई उकिडव्या बसून ती साल बोटाने चाचपत राहिल्या. एवढ्याशासाठी अडलं होतं, असं काहीतरी पुटपुटल्या असाव्यात.

आत तारेचं वेटोळं असलेला नवा पाइप धुळ्याहून मागवायला दोन दिवस गेले. तो बसवून शकीलने डोझर दीड तास चालवला. ऑइल कढत झालं तरी पातं वरखाली होत राहिलं. दगूबाईंनी पुन्हा कान लावला. या वेळी त्यांच्या कपाळावर आठी आली नाही. त्यांनी स्क्रू ड्रायव्हर त्याच्या हातात दिला आणि घरात गेल्या. शकीलला कळलं, की आवाज नीट झाला आहे.

रविवारी रूपसिंग ट्रेलर घेऊन आला. बांधापलीकडची माती तासभर ओढून त्याने खात्री करून घेतली. मग पातं उचलून डोझर फळ्यांवरून ट्रेलरवर चढला. रूपसिंगने इंजिन बंद केलं, साखळदंड आवळले. भूपेश आला नव्हता. अंगणात डोझर होता तिथे ऑइलचा काळा डाग आणि चैनच्या खुणा उरल्या. ट्रेलर पपईच्या बागेआड गेला तरी दगूबाई त्याच दिशेला बघत उभ्या होत्या.

"आते काय आयकानं, भाऊ?" त्या त्याच्याकडे वळून म्हणाल्या.

शकीलला शब्द न् शब्द कळला. हत्यारांची पिशवी उचलून त्याने हात जोडले.

दुपारच्या एसटीत गर्दी नव्हती. खिडकीशी बसून तो इरमचा विचार करत होता. तिला काय सांगायचं, कुठून सुरुवात करायची, हे मनात जुळवत होता. कंडक्टर येऊन काहीतरी बोलला. शकीलने सवयीने मान डोलावली. कंडक्टरने पुन्हा तेच विचारलं, तेव्हा तो सरळ त्याच्या तोंडाकडे बघत म्हणाला,

"माले कमी आयकू येस, भाऊ. जोरमा बोला."

कंडक्टर वाकला आणि मोठ्याने म्हणाला, "कुठं जायचं?"