काथवटीतलं तळं

मित्रांनो, मी एक जुनी काथवट आहे. चिमणाबाई भोईण माझ्यात वीस वर्षं भाकरीचं पीठ मळत होती. माझी एक कड फुटली आहे. ती कशी फुटली, ते सांगते.

कोल्हापूरजवळच्या आमच्या तळ्यात पूर्वी मरळ मासळी भरपूर असायची. सत्तर सालाच्या सुमारास कुणीतरी बाहेरची चिलापी मासळी आणून सोडली आणि मरळ कमी होत गेली. चिलापीची मादी अंडी-पिल्लं तोंडात सांभाळते. आमच्या भोयांची रीत अशी, की लेकुरवाळी मासळी जाळ्यात आली तर हात जोडून पुन्हा पाण्यात सोडायची.

शाहूपुरीचे नृसिंह मास्तर कॉलेजात माशांविषयी शिकवायचे. ते येऊन सांगायचे, चिलापीच्या माद्या पुन्हा पाण्यात सोडू नका. त्यांना कुणी पाणीही विचारत नसे. चिमणाबाईचा नवरा बाळासो तर त्यांना तळ्यात बुडवायची भाषा करायचा.

एका दुपारी मास्तरांनी मला अंगणात मागून घेतलं. मी म्हणजे तळं. माझ्यात पसरलेली ज्वारी म्हणजे मरळ. दहा चिंचोके चिलापीचे नर, दहा शेंगदाणे तिच्या लेकुरवाळ्या माद्या. जाळं टाकायचं चिमणाबाईनं. तिनं चार वेळा मूठ भरली. चिंचोके काढून घेतले, शेंगदाणे रितीप्रमाणे परत टाकले. दोनच चिंचोके उरले.

बाळासो हसला. "नरच संपलं तर पोरं कुठनं व्हणार, मास्तर? शिकलाय न्हवं तुमी?"

"दोन नर पुरतात. पिल्लं माद्या वाढवतात, आणि त्या सगळ्या तुम्ही राखल्यात."

मास्तर दर हंगामाला प्रत्येक शेंगदाण्यामागे आणखी शेंगदाणे घालत गेले. तिसऱ्या हंगामाला ज्वारी माझ्या कडेवरून खाली सांडली. कोंबड्यांनी ती टिपली.

 तशी चिमणाबाईनं मला उचलून मास्तरांच्या पायाशी आपटलं आणि माझी कड फुटली.

"माझ्या पुण्याचं पाप करून दावलंसा. उठा, चला हितनं."

दुसऱ्या दिवशी गाल फुगलेली एक चिलापी तिनं सोडली नाही. घरी आणून माझ्यात टाकली. तिच्या तोंडातून पिल्लं सांडली आणि माझ्या फटीतून मातीत गेली. चिमणाबाईनं तोंड फिरवलं नाही.

माझ्यात पुन्हा पीठ मळलं गेलं नाही. मास्तरांशी ती पुन्हा बोलली नाही. मरळही अजून पुरती परतलेली नाही.

मित्रांनो, परक्या पाण्यातला जीव उगाच आपल्या तळ्यात सोडू नका. सोडणारा निघून जातो. मागे राहिलेल्या मायेच्या हातांना मग निर्दय व्हावं लागतं.