माझ्या घशातला कॅप्टन

मी हँडल फिरवून चालणारा रेडिओ बोलतोय. आजवर माझ्या तोंडून दुसरेच बोलत आले. आज माझं मी बोलतो, कारण मला माझ्याच घशाची किळस आली आहे.

मला थेनने विकत घेतलं. अमेरिकेतल्या आयडाहोच्या डोंगरात, गावापासून लांब, त्याचं लाकडी घर आहे. तळघरात गव्हाच्या बादल्या, पाण्याची पिंपं, मेणबत्त्या आणि बंदुकीच्या गोळ्यांची खोकी छतापर्यंत रचलेली. एक दिवस सरकार वीज तोडेल, दुकानं बंद होतील, मग आपणच तेवढे जगू, असं त्याला वाटायचं. हे त्याला कुणी सांगितलं? माझ्यातून बोलणाऱ्या कॅप्टन ब्रॅकने. कॅप्टन कुठल्या फौजेत होता ते कुणी विचारलं नाही. तो आधी लोकांना घाबरवायचा, मग त्याच दमात बादल्या विकायचा. दोन्हीला आवाज तोच, मायेचा.

थेनची बायको मार्लीस. त्यांची मुलगी टेस घरातच जन्मली. तिची कुठे नोंद केली नव्हती. थेन कौतुकानं सांगायचा, "सरकारला माहीतच नाही ही जगात आली म्हणून." मार्लीस हसायची, पण बाळाकडे बघून नाही.

संकटासाठी अशी साठवण करणाऱ्या लोकांत सरावाचा आठवडा असतो. घरातली वीज मुद्दाम बंद करायची, साठवलेलंच खायचं, आणि काही झालं तरी गावात उतरायचं नाही. टेस सहा महिन्यांची असताना असाच आठवडा लागला. त्यात बाळ किरकिर करायला लागलं, तेव्हा थेनने चोखणी मधात बुडवून तिच्या तोंडात दिली.

मार्लीस म्हणाली, "इतक्या लहान बाळाला मध देत नाहीत म्हणे."

"कोण म्हणे? डॉक्टर म्हणे. कॅप्टनने सांगितलं ना, मध कधी खराब होत नाही. फुकटचं औषध आहे, म्हणून डॉक्टरांच्या पोटात दुखतं."

हो, माझ्यातूनच सांगितलं होतं. लगेच मधाच्या बरण्यांची जाहिरातही लागली होती.

काही दिवसांनी टेसला शौचाला होईना. मग ती दूध ओढेना. पापण्या अर्ध्या मिटलेल्या, मान एका बाजूला पडलेली.

"तिचं रडणं ऐक थेन. मांजराच्या पिल्लासारखं झालंय."

"मागच्या आठवड्यात रडते म्हणून डोकं खाल्लंस. आता गप्प झाली तर तेही वाईट?"

"ती गप्प नाही झाली. तिच्यात जोर नाही."

थेनने माझं हँडल गरागरा फिरवलं. कॅप्टन तयारच होता. दवाखान्यात बाळ नेलंत की ते घरातल्या बंदुका विचारतात, लशी विचारतात, मग बाळ ठेवून घेतात, आणि तुम्ही रिकाम्या हातानं परत येता. असं तो शांतपणे सांगत होता. थेन माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "ऐकलंस? आणि आपल्या पोरीची तर नोंदसुद्धा नाही."

मार्लीसने मला बंद केलं. गाडीची किल्ली उचलली.

"घेऊ देत ठेवून," ती म्हणाली. "जिवंत तर ठेवतील."

थेन दारात उभा राहिला. तिने बाळाचा हात उचलून सोडून दाखवला. तो ओल्या फडक्यासारखा पडला. तेव्हा कुठे तो बाजूला झाला आणि मागोमाग गाडीत येऊन बसला. मी त्याच्या पिशवीत होतो.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सगळ्यात आधी विचारलं, "मध दिला होता का?"

"मध खराब होत नाही," थेन म्हणाला.

"मध चांगलाच असतो हो. पण त्यात कधी कधी एका जंतूचं बारीक बी असतं. आपल्याला ते पचतं. वर्षाच्या आतल्या बाळाच्या पोटात मात्र रुजतं आणि अंग लुळं पाडतं."

औषध सरकारी खात्याकडून विमानानं मागवावं लागलं. ते घेऊन त्या खात्याची बाई आली, तेव्हा थेन छाती काढून टेसच्या खोलीच्या दारात उभा.

"तुम्हाला मुलगी मिळणार नाही."

ती म्हणाली, "मुलगी तुमचीच राहू दे. जरा सरका, हे थंड आहे तोवर आत द्यायचंय."

टेस वाचली. श्वासासाठी नळी घालावी लागली, मान धरायला पुढे बरेच आठवडे गेले, पण वाचली. कुणी तिला ठेवून घेतलं नाही.

घरी आल्यावर थेनने कॅप्टनच्या चालू कार्यक्रमात फोन लावला. त्याला एवढंच सांगायचं होतं की लहान बाळांना मध देऊ नका. नाव सांगितलं नाही, लाज वाटली. त्याने पहिलं वाक्य पुरं केलं आणि कॅप्टनने फोन तोडला. मग हसून म्हणाला, "बघितलंत मित्रांनो, सरकारी माणसं आता आपल्याला फोन करायला लागली." पाठोपाठ मधाची जाहिरात. ती माझ्या घशातून, टेसच्या पाळण्याशेजारी.

दुसऱ्या दिवशी शेजारचा ऑर्विल आला. थेन आणि तो एकत्र सराव करायचे. त्याने आमच्यासाठी मधाची बरणी आणली होती.

"काल तो सरकारचा हेर ऐकलास ना? काय रडका आवाज काढला होता."

"तो मी होतो," थेन म्हणाला.

ऑर्विलने त्याच्याकडे बघितलं. मित्राकडे बघतात तसं नाही.

"तुला त्यांनी किती पैसे दिले रे?" एवढंच विचारलं, आणि बरणी उचलून घरी गेला. त्याच्या घरी सुनेचं तान्हं बाळ आहे.

त्याच संध्याकाळी थेनने माझी पाठ उघडली आणि भोंग्याच्या तारा कापल्या. मला दुखलं नाही. आता मी फळीवर मुका पडून असतो. मार्लीस ऑर्विलच्या सुनेकडे दोनदा जाऊन आली. दार कुणी उघडलं नाही. आतून कॅप्टनचा आवाज येत होता, असं तिने थेनला सांगितलं.

ऑर्विलच्या घरात माझ्याच बनावटीचा रेडिओ आहे. दोघांनी एकाच दिवशी घेतले होते. त्याला बिचाऱ्याला गप्प बसता येत नाही. पण त्याचं हँडल माणसाच्या हातात आहे. पोरी, तू त्या घरात तान्हं बाळ घेऊन बसली आहेस, ते फिरवू नकोस. दार उघड. बाहेर मार्लीस तिसऱ्यांदा येऊन उभी आहे.