गळका होतो तोच बरा होतो

मी मातीचा बंधारा बोलतोय. तिसगावापासून चार मैलांवर, सूर्यभानच्या मळ्यात ओढ्याला आडवा उभा आहे. कौतुक ऐकायचं असेल तर पुढे जा. मला माझी चूक सांगायची आहे.

मला सूर्यभानच्या वडिलांनी बांधलं. मुरूम त्यांचा. पण पोटात काळी माती भरल्याशिवाय बंधारा पाणी धरत नाही, आणि ती त्यांच्याकडे नव्हती. खालच्या शेतातल्या पुंजारामने आपल्या वावरातली दिली. पंधरा दिवस बैलगाड्या चालल्या. तिथं अजून खड्डा आहे.

तरी मी उजव्या अंगाला पाझरायचो. मला लाज वाटायची. पण ते पाणी जमिनीखालून पुंजारामच्या विहिरीत उतरायचं. तो गेल्यावर त्याच्या बायकोनं, झुंबरबाईनं, त्याच विहिरीवर लिंबोणीची चाळीस झाडं जगवली.

पुढे सूर्यभानने माझ्या पाण्यात बदकाच्या आकाराच्या होड्या सोडल्या. रविवारी नगरची माणसं यायची, फोटो काढायची. पण संक्रांतीपर्यंत पाणी उतरायचं आणि बदकं चिखलात रुतायची. म्हणून मागच्या उन्हाळ्यात, मी रिकामा असताना, त्याने आतून शेततळ्यात घालतात तो प्लास्टिकचा काळा कागद अंथरला. पाझर थांबला.

"आता पक्का झाला," सूर्यभान म्हणाला. मी फुगलो. खाली विहीर आहे हे मला ठाऊक होतं. तरी फुगलो.

यंदा झुंबरबाईची विहीर आटली. ती काठी टेकत वर आली.

"सूर्यभान, इहीर कोरडी पडली रं."

"पाऊसच न्हाई झाला काकू. मी काय करू?"

"पाऊस न्हाई? मग तुजी बदकं काय धुरळ्यात पवत्यात व्हय?"

होडीतले पाहुणे हसले. सूर्यभानही हसला. "बसता का काकू? फुकट फिरवतो."

ती वळली. माझ्या उजव्या अंगाला उतरली. जिथं पाझरानं हिरवं गवत असायचं तिथं हात ठेवला. हाताला धूळ लागली.

"माजीच माती हाय तुज्यात," ती मला म्हणाली. "तू तरी इसरायचं न्हाई."

निम्मी झाडं वाळली आहेत. फुटून शेतं वाहून नेणाऱ्या बंधाऱ्यांविषयी मी ऐकलं आहे. मी जागेवर उभा राहून एक बाग मारतो आहे.

सूर्यभान, उजव्या अंगाचा कागद फाड. बदकं रुतू देत. मला गळका म्हण, चालेल. ती पुन्हा हात लावायला येईल, तेव्हा मला ओला असायचं आहे.