कपाखालचा कोपरा

होय, नकाशाच बोलतोय. सायमा सरोवराच्या काठावर, गावच्या बोटघरात वरच्या दोन टाचण्यांवर लटकलेला. चार वर्षं माणसं माझ्याकडे बघताहेत, पण वाचत कोणी नाही. शेवटी मलाच तोंड उघडावं लागलं.

माझा जन्म हिल्काच्या संगणकात झाला. या बाईने सहा वर्षं नोर्पाच्या, म्हणजे आमच्या सरोवरातल्या सीलच्या, मागे घालवली. नोर्पाची मादी काठावर साचलेल्या हिमाच्या ढिगात घर कोरते आणि फेब्रुवारीत तिथे विते. हल्ली हिवाळे उबदार झालेत, हिम साचत नाही. उघड्यावर जन्मलेलं पिल्लू गारठून मरतं, नाहीतर कोल्हा नेतो. हा धोका कुठे किती, ते हिल्काने चौकट चौकट करून माझ्यावर रंगवलं. लाल म्हणजे फार वाईट, पिवळं म्हणजे त्यातल्या त्यात बरं. आणि जिथे मोजायला कोणी पोचलंच नव्हतं, ती चौकट तिने पांढरी सोडली. खाली उजव्या कोपऱ्यात तसं लिहिलंही: 'पांढरा : माहिती नाही.'

बाई प्रामाणिक, पण माझा घात त्या कोपऱ्यानेच केला. कारण तो कोपरा वर वळतो.

जानेवारीत गावकरी फावडी घेऊन जमतात आणि सीलसाठी हाताने हिमाचे ढीग रचतात. कुठे रचायचे, ते मी सांगायचं. मला टेबलावर पसरतात, कोपरा वळतो, आणि त्यावर आउलिस आपला कॉफीचा कप ठेवतो. हा आउलिस बस चालवायचा, आता सगळ्यांना चालवतो.

"इथे लाल, तीन ढीग. इथे लाल, दोन. हे पांढरं? इथे सगळं ठीकठाक. पुढे चला!"

ठीकठाक! अरे ठोंब्या, कप उचल! मी आतल्या आत बोंबलत असे. चार वर्षं तोच कप, तोच कोपरा. माझ्या अंगावर तपकिरी कडं उमटलं, पण एकालाही त्याखाली बघावंसं वाटलं नाही.

त्यातली एक पांढरी चौकट म्हणजे म्हाताऱ्या वेइयोचा किनारा. मोजणीच्या वर्षी तिथे बर्फ पातळ होता, म्हणून मोजणीवाले अर्ध्या वाटेवरून परतले. वेइयो मुइक्कू नावाचे बोटभर मासे धरून जगतो. तो दर जानेवारीला यायचा, दोन कप कॉफी प्यायचा, वेलदोड्याचा गोड पाव चावत माझ्या पांढऱ्या चौकटीकडे टक लावून बघायचा आणि निघून जायचा. चौकट रंगली की वसंतात तिथे जाळी टाकायला बंदी येते, कारण सीलची पिल्लं जाळ्यात अडकून बुडतात, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

यंदा मात्र त्याने पावाला हात लावला नाही.

"काय रे वेइयो, तब्येत बरी आहे ना?" आउलिसने विचारलं.

"कप उचल."

"अजून आहे की त्यात कॉफी."

"आउलिस, कप उचल."

"अरे, हा आज दोनदा बोलला! कोणीतरी तारीख लिहून ठेवा!"

सगळे खो खो हसले. वेइयोने कप स्वतःच उचलला, वाकून एकेक अक्षर वाचलं आणि म्हणाला, "माहिती नाही कशी? मला आहे. गेल्या मार्चमध्ये माझ्या काठावर पिल्लू सापडलं. उघड्या बर्फावर. कोल्ह्याने अर्धंच ठेवलं होतं. त्याच्या आदल्या वर्षीही एक."

आउलिस खुर्ची ओढून त्याच्याजवळ आला.

"मग बोलला का नाहीस, बाबा?"

"विचारलं कोणी?" वेइयोने कप त्याच्या हातात दिला. "आणि जाळी होती."

"मग आता जाळ्यांचं काय?"

"मासे जुलैपर्यंत थांबतील. ती गाभण मादी नाही थांबायची. काल माझ्या काठाजवळ बर्फात तिचं श्वास घ्यायचं भोक बघितलं मी. चला आता, की अजून एक कप पिणार?"

खरं सांगू, मला त्याचाही संताप आला. दोन पिल्लं गेली आणि हा पाव चावत बसला! पण त्या दिवशी सगळ्यात जास्त हिम त्यानेच ओढलं, शहात्तराव्या वर्षी, पाठ धरून.

बर्फ वितळल्यावर हिल्का आली. त्या ढिगाच्या जागी तिला पिल्लाची करडी लव सापडली. लांबच्या खडकावर आईशेजारी ते लोळत होतं, धडधाकट. तिने वेइयोकडून आधीच्या दोन मेलेल्या पिल्लांची नोंद घेतली, पेन काढलं आणि त्याच्या किनाऱ्याची चौकट लाल केली. लाल झाल्याचा आनंद होईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

वेइयोची जाळी आता माझ्या शेजारच्या खिळ्याला लटकली आहेत, वसंतात पहिल्यांदाच कोरडी. तो येतो, त्यांच्याकडे बघतो, कॉफी पितो. आउलिस शहाणा झाला आहे, कप डाव्या कोपऱ्यावर ठेवतो. तिथे उत्तर दिशेचा बाण आहे.

मी जुना झालो, हिल्का नवा नकाशा छापणार आहे. पण माझ्यावर अजून सतरा चौकटी पांढऱ्या आहेत, आणि त्या सतरा काठांवरही कोणीतरी पाव चावत गप्प बसलेलं असणार. कप कुठेही ठेवा, बाबांनो, पण नवा नकाशा छापायच्या आधी त्यांच्या दारात जा आणि एकदा विचारा.