तिसरी रांग आणि क्लॅरींचा डावा पाय

“मागं जो बसणार आहे ना, त्यालाच घेऊन ये. आणि पोरांच्या खुर्च्या अडकवून मग बसव,” गाड्या विकायच्या आवारात काचा पुसणारी माव्हिस, गाडी घ्यायला आलेल्या टॅम्सिनला म्हणाली होती. टॅम्सिन नुसती हसली. तिच्या हातात टेप होती, वहीत तीन गाड्यांचे रकाने आखलेले होते, आणि काचा पुसणाऱ्या बाईला काय कळतंय, असं तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं. मित्रांनो, तेव्हा मीही हसले होते.

मी सात माणसांच्या एका मोठ्या गाडीतली, अगदी मागची, तिसऱ्या रांगेतली डावी सीट. आता जुनी झाले आहे. लोखंडी चौकट, वर फोम, त्यावर राखाडी कापड. कारखान्यात एक यंत्र हजारो वेळा माझ्यावर बसलं आणि उठलं. मी खचले नाही, म्हणून मला पास केलं. त्या यंत्राला पाय नव्हते, हे मला फार उशिरा सुचलं.

टॅम्सिनला तेव्हा जुळी मुलं झाली होती, आर्लो आणि फ्लेर. नवरा दूरच्या खाणीवर, तीन आठवडे तिकडे आणि एक आठवडा घरी. तिनं सगळं मोजलं. पहिल्या गाडीत मागं डोकं छताला लागत होतं. दुसरीत जमीन इतकी उंच, की गुडघे हनुवटीशी येत. माझ्यापुढची जागा सर्वांत जास्त भरली. ती स्वतः दोन मिनिटं माझ्यावर बसली, पाय हलवले, म्हणाली, “वा! इथं तर मी झोपूसुद्धा शकते.” वहीत माझ्या नावापुढे तीन चांदण्या काढल्या. टॅम्सिनची उंची पाच फूट एक इंच. पण कौतुक ऐकताना असल्या गोष्टी कोण लक्षात घेतं?

कनामुला या आमच्या गावी घरी आल्यावर मधल्या रांगेत जुळ्यांच्या खुर्च्या बसल्या. त्या देशात मुलाच्या खुर्चीचा एक पट्टा पाठीवरून मागं येतो आणि तिथं आकड्यात घट्ट ओढावा लागतो. तसा कायदाच आहे. ते दोन पट्टे ताणले गेले आणि मधली रांग जागच्या जागी जखडली. ना ती पुढे सरके, ना दुमडे. ती दुमडली तरच माझ्याकडे यायची वाट होती. टॅम्सिननं पट्टे तीनदा ओढून पाहिले आणि तिला हायसं वाटलं. मला मात्र तेव्हापासून चैन पडेना.

माझ्यावर बसत ते क्लॅरी, टॅम्सिनचे सासरे. सहा फूट तीन इंच, चाळीस वर्षं मेंढ्यांची लोकर कातरलेला माणूस. त्यांची बायको नोला हिचा खुबा बदललेला, म्हणून पुढची सीट तिची. मुलं मधे. उरले क्लॅरी, उरले मी. कधी बसायचे असले की टॅम्सिन आर्लोची खुर्ची सोडायची, ते आत सरकायचे, आणि मग खुर्ची पुन्हा बांधली जायची. दाराला बाहेरून कडी घालावी, तसं.

त्या मुलखात कुरकुर करणं म्हणजे लाजच. कुणी पाठ दुखते म्हणालं, की लगेच टोमणा, “काय रे, इंग्लंडहून काल उतरलास का?” तिकडे इंग्रज म्हणजे कुरकुऱ्या, असा जुना समज. त्यामुळे क्लॅरींचं उत्तर कायम एकच. “मजेत आहे.” बोट दारात चेमटलं तेव्हाही ते हेच म्हणाले होते.

नोलाच्या खुब्याच्या तपासणीसाठी टूवुम्बा शहराला निघालो, तो दिवस मला विसरता येत नाही. सात तासांचा रस्ता. टॅम्सिन गाडी चालवत होती. तिनं मुलांसाठी एक छोटा आरसा लावला होता. दर मिनिटाला तिची नजर त्यात जायची. श्वास चालू आहे ना, मान वाकडी नाही ना. त्या आरशात क्लॅरी दिसत नव्हते.

वाटेत सेंट जॉर्ज गावाला गाडी थांबली. मुलं गाढ झोपलेली.

“क्लॅरी, उतरता का? आर्लोला सोडावं लागेल, पण सोडते ना.”

“झोपलेल्या पोराला उठवणारा शुद्ध वेडा, पोरी. मी मजेत आहे. सँडविच तेवढं मागं फेक.”

“मुताचं काय करशील म्हाताऱ्या?” नोला पुढून ओरडली.

“म्हणून तर सकाळपासून चहा घेतला नाही! अक्कल लागते त्याला.”

तिघं हसली. मी हसू शकले नाही. त्यांचे गुडघे मधल्या सीटच्या पाठीत रुतले होते, आणि माझी कड त्यांच्या मांडीखाली धारेसारखी लागत होती. माझी लांबी कमी होती, मित्रांनो. ती टेपनं मोजलीच नव्हती.

पुढे मूनी गावाला रस्त्याकडेला स्वयंसेवक ड्रायव्हरांना फुकट चहा देत होते. तिथंही मुलं झोपलेली, तिथंही “मजेत आहे”. गाडी निघाल्यावर मात्र क्लॅरींनी डावा बूट काढला. तो निघता निघेना. मोज्याचा वळ पायावर खोल उमटला होता. त्यांनी पोटरीवर हात ठेवला आणि चटकन उचलला. त्या पोटरीची धग माझ्या कापडाला कळत होती. मला ओरडायचं होतं. पण सीटला कुरकुरायला फक्त एक स्प्रिंग असते, आणि ती मोठ्या गाडीत कोण ऐकणार?

डॅल्बीच्या अलीकडे उजवीकडे मेंढ्यांचा मोठा कळप गेला. गाडीत सगळं शांत.

“टॅम,” नोला म्हणाली, “मेंढ्या गेल्या.”

“दिसल्या.”

“अगं, मेंढ्या गेल्या आणि म्हातारा बोलला नाही! एवढ्यात त्यानं तीन जणांच्या लोकर कातरण्याला नावं ठेवायला हवी होती. क्लॅरी?”

“मजेत आहे.” आवाज दातांतून आला.

टॅम्सिननं गाडी कडेला घेतली. ती पुढून काही विचारत बसली नाही. उतरून मागं आली आणि मागचं दार उघडलं. माझ्या पाठीवरून वाकून तिनं खाली पाहिलं. एक पाय पायासारखा होता. दुसरा लालबुंद, चकचकीत, दीडपट सुजलेला.

“हे केव्हापासून?”

“उगीच गाडी थांबवलीस. पोरं उठतील.”

“उठू देत!” ती किंचाळली. मी तिचा तसा आवाज कधी ऐकला नव्हता. आर्लो उठला, रडला, फ्लेर रडली, नोला दारातून ओरडत राहिली. पट्टा सोडताना टॅम्सिनच्या हातून आकडा दोनदा निसटला. क्लॅरींना पाय टेकवेना. अखेर त्यांना मधल्या रांगेत आडवं टाकलं, आर्लोची खुर्ची माझ्यावर आणि फ्लेरची शेजारच्या सीटवर आली, आणि गाडी थेट डॅल्बीच्या दवाखान्यात नेली.

पायात रक्ताची गाठ झाली होती. ती सुटून छातीत गेली असती, तर टूवुम्बाला चौघंच पोचली असती. डॉक्टरीणबाईंनी क्लॅरींना विचारलं, “दुखत होतं तर बोलला का नाहीत?” ते मग हळूच म्हणाले, “कुणी बूट काढून विचारलं नाही हो.”

नोलानं त्यांच्या खांद्यावर एक चापट मारली आणि तोंड फिरवलं.

क्लॅरी वाचले. पण तो पाय अजून संध्याकाळी सुजतो, आणि लांबचा प्रवास त्यांनी सोडला. टॅम्सिननं मला उपसून शेडमध्ये ठेवलं. आता माझ्यावर कुत्री झोपते. ती मात्र जरा अवघडलं की उठून जाते, कुणाची परवानगी न घेता.

मित्रांनो, आमची काळजी घ्या, असं मी सांगणार नाही. माझं कापड फाटलं तर फाटू दे. पण मोठी गाडी मोठी म्हणून सगळे ऐसपैस बसलेत, असं समजू नका. तुमच्या गाडीत आज सर्वांत मागं कोण बसलंय? आजोबा, एखादी मावशी, की कधीच काही न मागणारी थोरली बहीण? “ठीक ना?” असं पुढून विचारू नका, त्याचं उत्तर ठरलेलं असतं. गाडी थांबवा, मागचं दार उघडा, आणि त्यांना खाली उतरवून चार पावलं चालताना बघा. आत्ताच जा.