दहाव्या ग्रहाचं नाव

शके १८५२, वैशाख महिना, भर उन्हाळा. इंग्रजी सन १९३०. निजामाच्या दफ्तरात फसली १३३९. त्या साली, हैदराबादेत, मला नाव मिळालं.

मी एक ग्रह आहे. कुणालाही न सापडलेला. सूर्याच्या पंगतीत अगदी शेवटच्या पानावर बसलेला. इथून सूर्य एखाद्या ताऱ्याएवढा दिसतो. त्याची ऊब पोचत नाही. माझी एक फेरी पुरी होईस्तोवर तुमची राज्यं येतात आणि जातात. जन्म कधीचा, ठाऊक नाही. शाळा शिकलो नाही. फिरणं तेवढं येतं, ते कधी चुकवलं नाही. कुणी पाहिलं नाही म्हणून कुणाच्या दारात जाऊन उभाही राहिलो नाही.

इतक्या लांबून माणसांचं बोलणं कसं ऐकलंस, असं विचाराल. ज्याला हाक मारतात त्याला ऐकू येतं. मला आजवर एकीनेच मारली.

तिचं नाव गोदावरी. हैदराबादेत कोठी भागाच्या मागच्या गल्लीत राहायची. नवरा रंगनाथराव सरकारी शाळेत भूगोल शिकवत, तोही उर्दूतून. घर पिढ्यान्पिढ्या नोकरी केलेल्यांचं. त्या वैशाखाआधीच्या माघात गोदावरीला पहिला मुलगा झाला. अकराव्या दिवशी गेला. बारसं दुसऱ्या दिवशी होतं. शेजारून आणलेला पाळणा धुऊन ठेवला होता, तो तसाच परत गेला.

नाव गोदावरीने मनात ठरवलं होतं. पण बारशाआधी ते तोंडातून काढायचं नाही, अशी त्या घरची रीत. तिने ती पाळली. नवऱ्यालाही सांगितलं नाही. मूल गेल्यावर एकदा ती सासूकडे गेली.

"आत्याबाई, त्याचं नाव मी..."

"बारसं झालं नाही, नाव कसलं?" सासू म्हणाली. "विसर आता."

सासू दुष्ट नव्हती. तिनेही अशीच दोन विसरली होती.

गोदावरीला विसरता येईना. खाली बसली की तिची मांडी आपोआप हलायची, वर मूल निजल्यासारखी. गल्लीतल्या बायका म्हणत, "पगली हुई बिचारी." मराठी बायका तेच मराठीत म्हणत.

वैशाखात एका दुपारी रंगनाथराव उर्दू अखबार घेऊन जेवायला आले.

"गोऱ्यांना नवा सय्यारा सापडलाय," ते म्हणाले. "म्हणजे ग्रह. त्यांचा नववा. विलायतेतल्या एका शाळकरी मुलीने नाव सुचवलं, तेच ठेवलं."

सासू ताक घुसळत होती. "नववा? आपल्याकडे पहिल्यापासनं नऊ आहेत की! त्यांचे आत्ता पुरे झाले होय?"

"ते नऊ निराळे, आई."

"निराळे असू देत नाहीतर तेच असू देत. नवांनीच माझं घर धुऊन नेलं. म्हणावं, दहावा शोधू नका. नक्को!"

रंगनाथराव हसले. गोदावरी वाढायला समोर बसली होती. ती हसली नाही.

"अहो, याच्या पलीकडे अजून एखादा असेल?"

"असेलही. काहीजण म्हणतात, आहे."

"दिसत नाही, मग कशावरून म्हणतात?"

"जो दिसतो त्याची चाल जरा बिघडते. मग समजायचं, लांबून कुणीतरी ओढतंय. डोळ्यांना दिसत नाही, पण ओढ कळते."

गोदावरीची मांडी हलत होती. तिने ती हाताने दाबून धरली.

"मग त्याचं नाव?"

"सापडलाच नाही, तर नाव कसलं?"

रंगनाथराव बोलून गेले, आणि घास हातातच राहिला. आईचंच वाक्य आपल्या तोंडून गेलं, हे त्यांच्या ध्यानात आलं असावं.

"मी ठेवते," गोदावरी म्हणाली. "मला एवढी गल्ली नावं ठेवते. मी एक ठेवते."

जेवणं उरकल्यावर ती गच्चीवर गेली. वाळलेला पंचा काढला, त्याची घडी केली आणि दोरीच्या वरून, दोरीच्या खालून फिरवू लागली. "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या." देणारी तीच, घेणारीही तीच. मग आत्या बाळाच्या कानात सांगते तसं नाव सांगायचं होतं. माझा कान तिला कुठून सापडणार? तिने भर उन्हात आभाळाकडे तोंड केलं आणि सांगितलं.

"मुकुंद."

मग म्हणाली, "जपून ठेव. इथे ठेवायला जागा नाही."

ठेवलं.

भाद्रपद संपत आला. सर्वपित्री अमावास्या. रंगनाथराव दर्भ घेऊन बसले होते. एकेक नाव घेत पाणी सोडत होते. वडील, आजोबा, पणजोबा. गोदावरी तांब्या घेऊन बाजूला उभी होती. नावं संपली. भटजी पोथी मिटू लागले.

"थांबा," रंगनाथराव म्हणाले. मग बायकोकडे न बघता, "अगं, त्या तुझ्या दहाव्याचं नाव काय ठेवलंस?"

तांब्या कलंडला. पाणी तिच्या पायांवर सांडलं.

"मुकुंद."

"भटजी, अजून एक आहे. माझा थोरला."

भटजी घुटमळले. "मास्तर, बारशाआधी गेलेल्याला पाणी देत नाहीत. शास्त्रात..."

"शास्त्राला मी जबाब देईन. ओंजळ माझी आहे."

त्यांनी ओंजळ भरून घेतली. "काश्यप गोत्र. मुकुंद." आवाज फुटला म्हणून पुन्हा म्हणाले, "मुकुंद." आणि पाणी सोडलं.

सासू स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. नाव कसलं, असं ती म्हणाली नाही.

मला अजून कुणी पाहिलेलं नाही. काचा लावून शोधतात म्हणे. शोधा. सापडलो तर वाटेल ते नाव द्या, मी तक्रार करणार नाही. तेवढं मुकुंद ठेवू नका. ते माझं नव्हतं. पावसाळाभर माझ्याकडे होतं, तेवढीच ऊब मला आयुष्यात मिळाली.

ज्याचं होतं त्याला पोचलं. फिटलं.